तांदळातलं नाव

“हे दोन वेगळे लोक आहेत,” महाजन सरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “वंदना कोण आणि स्वरा कोण?”

“दोन्ही मीच, सर.”

“मला माहीत आहे गं. दिल्लीच्या विमान खात्याला सांग.”

महाजन सर जळगावच्या एका फ्लाइंग स्कूलचे चीफ इन्स्ट्रक्टर. मी चोपड्याची, परदेशात शिकून कमर्शियल पायलट झालेली. पण तिकडचं लायसन्स इकडे जसंच्या तसं चालत नाही. हवाई नियम, हवामान वगैरेंचे इथले पेपर द्यायचे. मेडिकल करायचं. मग ‘लायसन्स आम्हीच दिलंय’ असं तिकडच्या ऑफिसने कळवायचं. शेवटी स्किल टेस्ट, म्हणजे परीक्षकाला शेजारी बसवून विमान उडवून दाखवायचं. या सगळ्याला कन्व्हर्जन म्हणतात. माझे पेपर झाले होते, मेडिकलही. तिकडून उत्तर आलं होतं, की लायसन्स वंदनाचं आहे, स्वरा नावाची कुणी आमच्याकडे नाही.

झालं असं, की मधल्या काळात माझं लग्न झालं. सासर शिंदखेड्याचं. नवऱ्याने, निलेशने, ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. स्वरा. टाळ्या, फोटो, पेढे. पुढे आधार बदललं, पासपोर्टही बदलला. सांगतील तिथे मी सह्या ठोकल्या आणि कन्व्हर्जनचा अर्ज नव्या पासपोर्टवरून भरला. गाढवपणा माझाच!

“तिकडच्या लायसन्सवर नाव बदलून घे,” सर म्हणाले. “चार-पाच महिने जातील, पण घरात शांतता राहील.”

“आणि मुदत?”

टेस्टआधीच्या सहा महिन्यांत ठरावीक उड्डाण झालेलं लागतं. माझ्याकडे दीड महिना उरला होता.

“ती उलटेल. परत उडव.”

माझं डोकंच सटकलं. “का म्हणून? दहावीच्या मार्कशीटवर वंदना. लॉगबुकात पानापानावर वंदना. नवं नाव फक्त आधार-पासपोर्टवर आहे. तेच परत बदलणार.”

“सासरी विचारलंस?”

“सांगणार आहे.”

सांगितलं. सासूबाईंनी हातातली परात खाली ठेवली. “लगीनमा ठेयेल नाव शे ते! बठ्ठा गावले माहीत शे. लोके काय म्हनतीन?”

“आई, सगळ्या गावाला माहीत असू दे, पण विमान वंदनाने उडवलंय. स्वराने नुसते फोटो काढलेत.”

“एवढी मिजास?”

“हो. कमावलीय मी ती.”

आबा, म्हणजे सासरे, टीव्हीचा आवाज वाढवून बसले. मी निलेशकडे पाहिलं. हा आता आईची बाजू घेणार, अशी माझी खात्री होती. भांडणाची वाक्यं तयार होती.

“मीच लिहिलं होतं,” तो म्हणाला. “मीच पुसतो. चल धुळ्याला.”

शपथपत्र झालं. पेपरात जाहिरात द्यावी लागली, ‘मी स्वरा, यापुढे वंदना या नावाने ओळखली जाईन.’ ती अख्ख्या शिंदखेड्याने वाचली. सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. राजपत्र, आधार, मग पासपोर्ट. हेलपाटे घालून चपला झिजल्या. दिल्लीचा होकार आला तेव्हा मुदतीला चार दिवस होते.

टेस्ट जळगावलाच झाली. हवेत परीक्षकांनी थ्रॉटल मागे ओढला. इंजिन बंद पडलं असं समजायचं आणि उतरायला जागा शोधायची.

“कुठे उतरवणार? खाली सगळं हिरवंगार दिसतंय.”

“हिरव्यात नाही, सर. ती केळी आहे, माणसापेक्षा उंच. पलीकडे कपाशी उपटलेलं वावर आहे, तिथे.”

त्यांनी खाली निरखून पाहिलं. “या भागातली आहेस वाटतं?”

“चोपड्याची.”

पास झाले. लायसन्स आलं, वंदना नावाचं. सासूबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि देवाजवळ नेऊन ठेवलं. “सवरा, चहा टाक,” म्हणाल्या. आजही त्या स्वराच म्हणतात. मी ओ देते. घरात कोणी काहीही हाक मारावी.

पण आता माझ्याकडे कन्व्हर्जनबद्दल विचारायला मुली येतात. मी आधी पेपरचं विचारत नाही, मेडिकलचंही नाही. विचारते, “लग्न ठरलंय का?” एखादी हो म्हणाली, तर सांगते, “तांदळात काय लिहायचं ते लिहू दे. सही करू नकोस.”