तुळशीचा बाप

माझ्या मावससासूने मला फसवलं. मी तिला नाही, तिने मला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या नात्यागोत्यात सगळे उलटंच धरून चालतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी हमाल म्हणून उतरलो आणि आज तिथेच माझं भंगाराचं गोदाम आहे. मला येताना पाहिलं की भलेभले व्यापारी आधी चहा मागवतात, कारण बैठक लांबणार हे त्यांना ठाऊक असतं. अशा माणसाला या बाईने गुंडाळलं, आणि तेही गाणी म्हणून.

ती धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात हळद दळण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक कामाचं वेगळं गाणं असतं. ते धवले गाणारी ही बाई. भटजीही असतात, पण ती हजर असेल तर ते पाहुण्यांसारखेच असतात. एकदा मुहूर्त टळतो म्हणून एका भटजींनी तिचं गाणं मध्येच तोडलं आणि अंतरपाट खाली घ्यायला सांगितला. हिने तो वरच धरायला लावला. म्हणाली, "मुहूर्त तुमचा आसंल, लगीन माजं हाय. आजून नवरीच्या मामाचं नाव घ्याचंय." मामाचं नाव झालं, मामीचं झालं, मग नवरा-नवरी एकमेकांना दिसली. रोडपालीच्या एका हळदीत डीजेवाल्याने आवाज कमी करायला नकार दिला, तेव्हा ही पाट घेऊन त्याच्या भोंग्यासमोर जाऊन बसली आणि शांतपणे विचारलं, "तुज्या आयशीच्या लग्नात कोन गायलेली?" त्याने आईला फोन लावला. मग वायर काढली आणि हिच्या पाया पडला. वरून हिने त्याला हळदीचं ताट धरून उभं केलं.

घरी असली तरी हा हट्ट सुटत नाही. टीव्हीवरच्या मालिका ती रोज बघते, पण त्यातलं एकही लग्न तिला मान्य नाही. "धवला झाला नाय, म्हनजे लगीन लागलं नाय," असा तिचा निकाल. त्यामुळे मालिकेतली पोरंबाळं असलेली जोडपीसुद्धा तिच्या लेखी अविवाहित आहेत, आणि त्यांना एका खोलीत बघितलं की ती तोंड फिरवते. सुका जवळा खाल्ल्याशिवाय गळा उघडत नाही, हे तिचं दुसरं शास्त्र. तो जवळा करंजा बंदरावरचाच हवा, आणि तिथे गाडीतून न्यायला मी. मी कोळणीशी भाव पाडत बसलो की ही मागून तिला सांगते, "ह्याचं आयकू नको गो. कळंबोलीत ह्याचं गोदाम हाय. दोन पैसं जास्तच लाव." मी आयुष्यात चढ्या भावाने काही घेतलं असेल, तर ते हिच्यासोबत.

आता मूळ गोष्ट. ही सगळी गाणी तिच्या एकटीच्या डोक्यात आहेत. माझी बायको म्हणाली की मावशीला रेकॉर्ड करून ठेवूया. मलाही पटलं. सगळा माल एकाच गोदामात ठेवणं हा धंदा नव्हे. मी चांगलं यंत्र आणलं, माणूस आणला, तिच्या ओटीवर जाऊन बसलो. ती म्हणाली, "नवरी कुटं हाय?"

"नवरी कशाला? नुसतं गा ना, मावशी."

"पयल्या गान्यात देवांना आवतान हाय, जावय. ते आले आनि मांडव नाय दिसला, तर बसतील कुटं? तुमच्या भंगारावर?"

मी शाल देऊ केली, नवी भांडी देऊ केली, देवीच्या दर्शनाला गाडी देऊ केली. ती ऐकून घेई आणि पुन्हा विचारी, "नवरी?" माझं डोकं फिरत चाललं होतं. तेवढ्यात मला सुचलं. कार्तिक महिना तोंडावर आला होता. म्हटलं, तुळशीच्या लग्नात गा. नवरी आहे, नवरा आहे, मांडव उसाचा. तिने मान डोलावली. मग म्हणाली, "तुळस कुनाची?"

"आमचीच. गावच्या घरातली."

"बाप म्हनून कोन बसंल?"

"मी बसतो."

"मंग मागून नाय बोलू नका."

मी लगेच हो म्हणालो. कागद चार वेळा वाचल्याशिवाय मी कुठे सही करत नाही, पण इथे सौदा जिंकल्याच्या आनंदात होतो. शिवाय त्या घराचं माझं वेगळंच काही चाललं होतं. ते घर मी हमालीच्या पैशातून बांधलं, माझं पहिलं पक्कं घर. आता आम्ही रोडपालीला फ्लॅटमध्ये राहतो, घर बंदच असतं, म्हणून एका बिल्डरशी मी विक्री ठरवत आणली होती. घर बायकोच्या नावावर, तेव्हा सगळं पक्कं झाल्यावरच तिला सांगणार होतो. पण मावशी समोरच्याच घरात राहते. टेप घेऊन अंगण मोजायला आलेली माणसं तिने पाहिली होती, हे मला कुठे माहीत?

लग्नाच्या संध्याकाळी अख्खी आळी जमली, यंत्रही लावलं. ती गायली. काय गायली ते मी सांगणार नाही, कारण मी रागात आहे आणि रागात केलेलं कौतुक कमीच पडतं. देव आले असतील तर त्यांना उठावंसं वाटलं नसणार. नवरीच्या बापाच्या गाण्यात तिने माझं नाव घेतलं, माझ्या बापाचं घेतलं, आम्ही घर बांधताना डोक्यावरून विटा वाहिल्या तेही घातलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते कापराच्या धुराने.

शेवटचं पाठवणीचं गाणं राहिलं होतं. तिथे ती थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लेक सासरी जाते, तवा हे गानं. ही जानार नाय. हिचा नवरा घरजावय हाय, दोगंबी हितंच ऱ्हातील. आनि जावय, त्या टेपवाल्यांना सांगा, लेकीचं घर कोन इकत नाय."

माझ्या बायकोने विचारलं, "कोण टेपवाले?"

पुढचं लिहीत नाही. बायकोने सही केली नाही. बिल्डरने शेजारची जागा घेतली. बाजारात लोक मला 'तुळशीचा बाप' म्हणू लागले आणि मी मावशीशी वर्षभर बोललो नाही.

यंदा कार्तिक आला तेव्हा बायकोने मला गावच्या घरी ओढत नेलं. मावशीला मधल्या काळात पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. चालते, जेवते, माणसं ओळखते. आवाज मात्र गेला. आमच्या ओटीवर येऊन बसली, जवळ्याचा वास येत होता, म्हणजे खाऊन आली होती. बायको गायला उभी राहिली आणि दुसऱ्या ओळीला अडली. सगळ्या बायका मावशीकडे बघू लागल्या. तिचे ओठ हलत होते, बाहेर काही येत नव्हतं. मी गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग लावायला फोन काढला, तर तिने त्यावर हात ठेवला आणि मान हलवली. ते लग्न लागून गेलं होतं. हे नवं.

मग आम्ही मंगलाष्टका म्हणून तांदूळ टाकले. तिच्या हिशेबाने माझी लेक यंदा बिनलग्नाची राहिली आहे, त्या मालिकेतल्या जोडप्यांसारखी.

म्हणून विचारतो. भर आळीत मला बाप तुम्ही केलंत, मावशी. मी मागितलं नव्हतं. घर राखायला लावलंत, राखतो आहे. परवा जाऊन वृंदावनाला गेरूही दिला. आता दर वर्षी ही नवरी दारात उभी राहणार आणि तिला गाणारं माणूस नाही, हे कोणी निस्तरायचं? नुसतं माझ्याकडे बघून हसू नका. रेकॉर्डिंगवरून शिकलेलं तुम्हाला चालणार नाही, तेव्हा हळू बोला, पुटपुटा, बायकोच्या कानात एकेक ओळ सांगा, मी वर्षभर गाडी घेऊन दारात उभा राहतो. पण याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.