जांभळा अंगठा
स्टॅम्प पॅडच्या शाईचा वास आला की मला उल्हासनगर कॅम्पातली, उन्हानं तापलेली दवाखान्याची बराक आठवते. बदलापूरच्या डोंगरातून डोलीत आणलेली एक बाई तापानं बेशुद्ध होती. डॉक्टरांना तिच्यावर नव्या औषधाचा प्रयोग करायचा होता आणि त्यासाठी कागदावर तिची संमती हवी होती. "सिस्टर, अंगठा घ्या," ते म्हणाले आणि मी तिचा लुळा अंगठा शाई लावून दाबला. तिसऱ्या दिवशी ताप उतरून ती शुद्धीवर आली, पण जांभळा अंगठा बघून घाबरली. "बाय, आंगठा कशाला घेतला? माजा शेत गेला का?" "काही नाही गेलं," म्हणत मी स्पिरिटनं तिचा अंगठा पुसत राहिले. काल बँकेत माझी सही जुळेना, तेव्हा तिथल्या मुलीनं स्टॅम्प पॅड पुढे ओढलं आणि माझा हात धरण्याआधी विचारलं, "आजी, अंगठा घेऊ ना?" मला चटकन हो म्हणता येईना.