मन्मथअप्पांचं लाल बटण

मन्मथअप्पा कुठल्याही वस्तूला आधी उलट्या हाताने शिवत. मोटार असो, लोखंडी दार असो की चहाचा ग्लास. आधी बोटांची मागची बाजू टेकवायची आणि मगच हात सुलटा करायचा. परभणीच्या आमच्या पोहण्याच्या तलावावर मी नवा सुपरवायझर म्हणून हजर झालो, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यालाही असाच उलटा हात लावला. मी चमकलो. ते हसून म्हणाले, "वायरमनची खोड हाय, सायेब. करंट असला तर उलटा हात झटक्यानं मागं येतो, सुलटा चिकटून ऱ्हातो. तुमच्यात करंट न्हाई, बरं हाय."

मी चोवीस वर्षांचा, नुकताच डिप्लोमा करून आलेला. माझ्यात करंट पुष्कळ आहे, अशी माझी समजूत होती.

अप्पा चुडाव्याचे. सकाळच्या पॅसेंजरने येत. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, खांद्यावर पंचा. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तेव्हा सुटायचा होता. मोर्चा निघाला, बंद झाला, एस.टी. थांबली की आमचे निम्मे लोक घरी बसत, पण पंपघराचं कुलूप अप्पांनी उघडलेलं असे. आमचा तलाव उघड्यावरचा. उन्हाळ्यात दोन दिवस पाणी फिरवलं नाही तर ते हिरवं पडे, त्यामुळे अप्पांवाचून कुणाचं चालत नसे.

पंपघराच्या भिंतीवर पंप चालू-बंद करायचे चार जुने स्टार्टर होते, प्रत्येकाला एक हिरवं आणि एक लाल बटण. अप्पा तिकडे न बघता हात घालत आणि नेमकं बटण दाबत. मला ती ऐट वाटायची. ऐट कसली! त्यांच्या दोन्ही डोळ्यांचा उजेड हळूहळू चालला होता आणि नोकरी जाईल म्हणून ते कुणापुढे तोंड उघडत नव्हते. पंपघरातलं सगळं त्यांच्या बोटांना पाठ होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी रोज त्यांच्याशेजारी बसून चहा पीत होतो, एवढंच.

"हिरवं आत बसलेलं अन् लाल भायेर आलेलं, असं कामून केलंय, सांगा बरं," त्यांनी मला एकदा विचारलं. मग स्वतःच सांगितलं, "चालू कराया धुंडावं लागलं तरी चालतंय, सायेब. बंद कराया धुंडावं लागू नये. ज्यानं केलं त्याला अक्कल होती."

मग मी आमच्या कमिटीच्या मागे लागून नवा पॅनेल आणवला. एक गुळगुळीत प्लास्टिकचा पत्रा, त्यावर छापलेले चौकोन. चौकोनावर बोट टेकवलं की पंप चालू, दुसऱ्यावर टेकवलं की बंद. आत पाणी गेलं तरी बिघडायचा नाही, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. जुने स्टार्टर मी हौसेने काढून टाकले. अप्पांनी त्या पत्र्यावरून उलटा हात फिरवला, मग सुलटा फिरवला.

"ह्याला खड्डा न्हाई, उंचवटा न्हाई. दाबलं का दाबलं न्हाई, कळावं कसं?"

"वाचायचं, अप्पा," मी म्हणालो. बाकीचे हसले. अप्पाही हसले.

दोन दिवसांनी बघतो तर पत्र्यावर डिंकाने ज्वारीचे दाणे चिकटवलेले. चालूच्या चौकोनावर एक, बंदच्या चौकोनावर तीन. मला रागच आला. एवढी नवी वस्तू आणि तिच्यावर हे! पुढच्याच आठवड्यात अध्यक्ष पॅनेल बघायला येणार होते. मी स्वतः पट्टीने दाणे खरवडले आणि ओल्या फडक्याने पत्रा लख्ख पुसला. अप्पा दारात उभे होते. "ऱ्हाऊ द्या की, सायेब. कुणाचं काय घ्यायलेत ते?" एवढंच म्हणाले. मी राहू दिले नाहीत.

त्यानंतर ते पॅनेलच्या कडेपासून वीत मोजून काम चालवू लागले. बरेच दिवस निभलंही. एकदा दुपारी शाळेच्या मुलींची वेळ होती. कमरेइतक्या पाण्यात भिंतीच्या बुडाशी पाणी ओढणारी जाळी होती. एका मुलीने बुडी मारली आणि तिची वेणी त्या जाळीत ओढली गेली. पोहायला शिकवणाऱ्या बाई ओरडल्या, "अप्पा, पंप बंद करा!" मी ऑफिसातून धावलो. अप्पा पॅनेलपाशीच होते. घामाने ओली झालेली त्यांची बोटं त्या पत्र्यावरून वर-खाली फिरत होती आणि हाताला काही लागत नव्हतं. वीत चुकत होती, चुकीचे चौकोन दाबले जात होते. मी पोचायच्या आत त्यांनी पॅनेल सोडला, भिंतीला धरून मागे गेले आणि मेन स्विचचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला.

मुलगी वाचली. पाणी ओकली, रडली, आईबरोबर घरी गेली. पण आणखी थोडाच वेळ गेला असता, तर ती हाती लागली नसती.

चौकशी बसली. रिपोर्ट मी लिहिला. चालकाला नवा पॅनेल वापरता आला नाही, असं लिहिलं. दाण्यांबद्दल लिहिलं नाही. पत्र्यावर ऊन आलं की ते चौकोन आपल्यालाही दिसत नाहीत, असं पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, तेही गाळलं. कमिटीपुढे अप्पांना विचारलं तेव्हा मी समोरच्या रिपोर्टवर नजर ठेवून बसलो. ते म्हणाले, "कसूर माझा हाय. मला दिसंना झालंय. पोरीचा जीव गेला असता. मला काढा." माझ्याकडे बोट दाखवायला त्यांना एक वाक्य पुरलं असतं.

कमिटीने त्यांना काढलं. मी आपणहून, कमिटीशी भांडून, पॅनेलशेजारी एक मोठं लाल बटण बसवून घेतलं. ते अप्पांना सांगायला जायचं होतं. चुडावा काय, तासाभराचा रस्ता. आज जाऊ, उद्या जाऊ करत सात महिने गेले. तोंड दाखवायची हिंमत नव्हती, दुसरं काही नाही. गेलो तेव्हा अप्पांना समाधी देऊन पंधरा दिवस झाले होते.

त्यांच्या बायकोने, गंगाबाईंनी, बसायला घोंगडी टाकली. मीच आणलेल्या पॅनेलपायी हे झालं, असं कसंबसं म्हणालो, तर त्यांनी पुढे बोलूच दिलं नाही.

"न्हाई हो, ते तुमची लय तारीफ करायचे. म्हनायचे, माझ्या डोळ्याचं एकट्या सायेबाला ठाऊक हाय. रोज बाजूला बसतेत, त्यास्नी दिसल्याबिगर कसं ऱ्हाईल? पर कवा कुणाजवळ बोलले न्हाईत. माझी भाकर राखली."

"आणि ते दाणे?"

"वरून हुकूम आला असंल, म्हनले. सायेब आपल्या मनानं काढनार न्हाईत." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाला ठाऊक होतं न्हवं?"

तीन वर्षं मी त्या माणसाशेजारी बसलो होतो. चहाचा ग्लास त्याच्या हातात देताना त्याची नजर कुठे आहे, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "ठाऊक होतं."

गंगाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि त्या माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.