वुआहांगी माहेरीच राहिली

वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल भागातल्या आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर सुलुफुकाका भाड्याने राहायचे. पोरिरुआकडे जाणारी बस चालवायचे. त्याआधी ते मादागास्करच्या संसदेत खासदार होते. त्यांच्या मुलीने, मिउराने, हे सांगितलं तेव्हा माझ्या नवऱ्याला, मोरेश्वरला, खरंच वाटेना. एकदा त्याने विचारलंच, "काका, खासदारकीनंतर बस चालवायला कसं वाटतं हो?"

"इथे उतरताना प्रत्येक जण 'थँक यू, ड्रायव्हर' म्हणतो," काका म्हणाले. "मी गावाला पूल बांधून दिला, तेव्हा एवढे आभार कुणी मानले नव्हते." आणि खदखदून हसले.

मूळचे ते गणिताचे मास्तर. गाव मधल्या डोंगराळ मुलखात. नदीला पाणी आलं की पलीकडच्या वस्त्यांवरच्या मुलांची शाळा बुडायची. पुलासाठी सरकारी कचेरीत खेटे घालता घालता मास्तर राजकारणात पडले. त्यांची बायको वुआहांगी शिवणकाम करायची. कुणाच्या घरात बाळंतपण आहे, कुणाचा बांधावरून तंटा आहे, तिला सगळं ठाऊक. "भाषण माझं, पण माणसं तिची," काका म्हणायचे. दोनदा निवडून आले. पूलही झाला.

२००९ साली तिथलं सरकार उलथलं. काका पडलेल्या बाजूचे. त्यांच्या नावाचं वॉरंट निघालं आणि त्यांना देश सोडावा लागला. मिउरा वेलिंग्टनला शिकत होती, म्हणून ते इथे आले. आश्रय मिळाला. पुढे वुआहांगीलाही इथे यायची परवानगी मिळाली. मिउरा तर आईसाठी खोली लावायला लागली होती.

पण पक्षातल्या लोकांचे फोन सुरू झाले. निवडणूक तोंडावर आहे, तुमच्या घराला कुलूप दिसलं तर लोक म्हणतील, पळाले. काकांनी बायकोला सांगितलं, "निवडणुकीपर्यंत थांब."

ती थांबली. निवडणूक पुढे गेली. मग आणखी पुढे. दर वेळी ती फोनवर विचारायची, "आता येऊ?" आणि काका म्हणायचे, "थोडंच राहिलंय गं."

एका सकाळी कुणाच्या तरी अंगणात बायकांची बैठक घेताना ती खाली कोसळली. पक्षाघात. शहरातल्या हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. काका गेले असते तर विमानतळावरच धरले गेले असते. तिच्या भावांनीच तिला माती दिली.

बातमी कळली तशी मी वरण-भात घेऊन खाली गेले, तर ते युनिफॉर्मच्या शर्टाला इस्त्री करत होते. झालेल्या शर्टावरूनच पुन्हा फिरवत होते.

"काका, आज रजा घ्या ना."

"घेऊन काय करू, नीला? घरी बसलो तर खरं होईल ते."

पुढे काही वर्षांनी वॉरंट रद्द झालं आणि २०१९ची निवडणूक लढवायला काका परत गेले. मिउरा नको म्हणत होती. "तिने ज्यासाठी एवढं सोसलं, ते अर्धवट टाकू?" असं म्हणून त्यांनी बॅग भरली. मीच त्यांना विमानतळावर सोडलं. तरुण दिसत होते त्या दिवशी.

दणकून हरले. पुलापलीकडच्या वस्त्यांनीसुद्धा मत दिलं नाही. एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "मास्तर, बाई उभ्या राहिल्या असत्या तर दिलं असतं."

पण ते मोडून आले ते निवडणुकीने नाही. त्यांच्या मुलखात काही वर्षांनी एकदा कुळाची कबर उघडतात. आपल्या माणसांना बाहेर काढतात, नव्या रेशमी वस्त्रात गुंडाळतात, मांडीवर घेतात, त्यांना घरातल्या बातम्या सांगतात. गाणी असतात, जेवणावळ असते. मग सगळ्यांना परत आत ठेवतात. वुआहांगीला भावांनी तिच्या बापाच्या कबरीत ठेवलं होतं. त्या हिवाळ्यात ती कबर उघडायची होती. काका रेशीम घेऊन गेले. तिला स्वतःच्या हाताने गुंडाळलं. मग थोरल्या मेव्हण्यापुढे हात जोडले, "आता हिला माझ्या घरच्या कबरीत नेऊ द्या. मीही तिथेच येणार आहे."

मेव्हणा शांतपणे म्हणाला, "ती तुमच्याकडे यायला निघाली होती, तेव्हा तुम्ही थांब म्हणालात. आता ती आमच्याकडेच थांबेल."

"किती हलकी झाली होती, नीला," मला सांगताना ते रिकामे हात पुढे धरून बसले होते. "आणि मी तिला परत त्यांच्या हातात दिलं."

त्यानंतर राजकारणाचा विषय त्यांनी काढला नाही. पक्षाचे फोन घेतले नाहीत. बस पुन्हा चालवू लागले. मग लिव्हरचा कॅन्सर निघाला. मी नर्स, रिपोर्ट पाहिला आणि समजले. शेवटच्या दिवसांत मिउराने विचारलं, "बाबा, तुम्हाला आपल्या गावी नेऊ ना?" पूर्वजांच्या कबरीबाहेर परमुलखात पडून राहणं, याहून मोठं दुर्दैव त्यांच्यात नाही.

"नको," काका म्हणाले. "आपल्या कबरीपासून तुझ्या आईच्या माहेरचा डोंगर समोर दिसतो. रोज समोर ती, आणि मी अलीकडे. त्यापेक्षा इथलं लांब बरं."

पोरिरुआच्या पुढे, समुद्राजवळच्या दफनभूमीत त्यांना ठेवलं. पक्षाकडून कुणी आलं नाही, निरोपही नाही. डेपोतले ड्रायव्हर मात्र युनिफॉर्ममध्ये आले. त्यांतल्या सामोआ बेटांवरून आलेल्या बायकांनी प्रार्थना म्हटली, आणि वाऱ्यात अर्धी उडून गेली.

सगळे पांगल्यावर मिउरा ओल्या मातीशी उभी होती.

"तिकडे असते तर काही वर्षांनी मी त्यांना पुन्हा मांडीवर घेतलं असतं," ती म्हणाली. "इथे उघडू देतील का?"

"नाही गं," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मग वाकून मातीशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलत राहिली. बरंच बोलली. मी गाडीपाशी जाऊन थांबले.