इथे कोणी नाही

चर्चच्या आवारातल्या पुस्तकांच्या दुकानात टायपिस्टबाई पहिल्यांदा शिरल्या, तेव्हा ईस्टरमामा आकाशातून खाली आले. हे बाईंचं सांगणं. खरं तर ते तीन पायऱ्यांच्या स्टुलावरून आले. पण येताना कागदी फुलांची माळ, पुठ्ठ्याची बावीस अंडी, खिळ्यांचा डबा आणि बाईंना वाटलं त्याप्रमाणे निम्मं छत घेऊन आले. सगळं कोसळून झाल्यावर, टकलावर एक पिवळं फूल तसंच ठेवून, त्यांनी कमालीच्या अदबीने विचारलं, "बोला बाई, काय देऊ?"

बाईंची हसण्याची सोय नव्हती. नवरा जाऊन पाच आठवडे झाले होते. भेटायला येऊन गेलेल्यांना आभाराची कार्डं पाठवायची होती. काळ्या किनारीची, चाळीस, असं त्यांनी सांगितलं. मामांनी गंभीरपणे मान हलवली आणि पुडकं बांधून दिलं. घरी येऊन दोरा सोडला तर आत चाळीस पिवळी कार्डं. प्रत्येकावर डोंगराआडून वर येणारा सूर्य आणि खाली ठसठशीत अक्षरांत: 'चला, सकाळ झाली!'

दुसऱ्या दिवशी बाई ते पुडकं दगड धरावा तसं धरून हजर झाल्या. वकिलाच्या कचेरीत वीस वर्षं टायपिंग केलेल्या त्या बाई. चूक दिसली की त्यांची बोटं शिवशिवत. त्यांनी मामांना जे काय ऐकवायचं ते क्रमवार, परिच्छेद पाडून ऐकवलं. मामांनी ऐकून घेतलं. "काळी किनार आपण ठेवत नाही, बाई," ते म्हणाले. "दुकान सुरू झाल्यापासून ठेवली नाही."

बाई धाप लागून स्टुलावर टेकल्या. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने चेनवाली बायबलं कुठे आहेत, असं त्यांनाच विचारलं. समोर दिसत होती, त्यांनी दाखवली. दुसऱ्याला बाप्तिस्म्याचं सर्टिफिकेट हवं होतं, तेही सापडलं. बाईंना नोकरी लागली आहे हे दोघांच्याही लक्षात यायला पुढे आठवडा गेला. पिवळी कार्डं त्यांनी परत केली नाहीत. गल्ल्याखालच्या खणात टाकून ठेवली.

दुकान म्हणजे एक खोली. तीन भिंतींना कपाटं आणि चौथीला रस्त्याकडे तोंड केलेली काचेची शोकेस. डिसेंबरात तिथे पाय ठेवायला जागा नसे. कागदी तारे, मेणबत्त्या, गोठ्यातले मातीचे मेंढपाळ, सगळ्यासाठी फाटकापर्यंत रांग. मामा त्या रांगेकडे सावत्र मुलाकडे बघावं तसं बघत. त्यांचा जीव ईस्टरवर. नाताळाच्या प्रत्येक कार्डात ते हळूच एक चिठ्ठी सरकवत, 'ईस्टरलाही या.' जूनमध्ये कोणी छत्री विसरून गेलं तरी छत्रीत चिठ्ठी. कोणी सहज काय मामा, बरं आहे ना म्हटलं, तर बरं आहे, ईस्टरला आता दहाच महिने राहिलेत, असं उत्तर मिळे. लोक त्यांना ईस्टरमामा उगाच म्हणत नव्हते.

ईस्टरची शोकेस ते नाताळाच्या उरल्यासुरल्या मालातून सजवत. मेंढपाळांच्या हातातल्या काठ्या काढल्या की शिष्य तयार. देवदूत दोन्ही सणांना चाले. गाढवाला मात्र काही केल्या काम सापडत नसे; ते वर्षभर कपाटावर बेकार उभं असे.

एकदा बाईंनी विचारलंच, की लोकांना नाताळ आवडतो तर आवडू द्या, तुमचं एवढं काय अडलंय? मामा गाढवावरची धूळ पुसत होते.

"जन्माला काय हो, सगळेच येतात," ते म्हणाले. "त्या रांगेतला एक माणूस दाखवा जो जन्मलेला नाही. मेल्यावर उठून दाखवलं ते एकानं." मग जरा थांबून म्हणाले, "आमची ही तिकडे मागे कबरस्तानात झोपली आहे, भिंतीकडच्या ओळीत. सकाळी उठायचा तिला भयंकर कंटाळा. दहा हाका मारल्याशिवाय कूस बदलायची नाही. म्हणून जाहिरात जरा मोठ्याने करतो."

बाई हसल्या. नवरा गेल्यानंतरचं ते त्यांचं पहिलं हसू, आणि ते संपता संपता त्यांना पदर डोळ्यांशी न्यावा लागला. मामा तेवढा वेळ गाढवच पुसत राहिले.

तिसऱ्या वर्षी चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना खुर्च्यांची काळजी होती. कार्यक्रमांच्या खुर्च्या उघड्यावर पडून खराब होत होत्या आणि दुकान म्हणावं तर पंधरा दिवस चालतं, बाकी वर्षभर मामा गाढवाशी बोलतात, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ठरलं ते असं: येत्या ईस्टरला, रविवारच्या उपासनेनंतर, नाताळासारखी फाटकापर्यंत रांग लागली तर दुकान राहील. नाही लागली तर खोली खुर्च्यांना.

मामांनी दोन दिवस गाढवाची धूळ पुसली. तिसऱ्या दिवशी त्यांनी शोकेस रिकामी केली. शिष्य, देवदूत, अंडी, सगळं काढलं. काच लख्ख पुसली. आत कोपऱ्यात एक पांढरी चादर नीट घडी घालून ठेवली आणि मधोमध एक पाटी: 'इथे कोणी नाही.' ही त्या उठलेल्याची रिकामी कबर आहे, असं त्यांनी बाईंना समजावलं. दुसरी पाटी तयार होती, 'तो उठला आहे!', पण ती रविवारी ऊन काचेवर आलं की लावायची, आधी नाही. आठवडाभर लोकांना तगमग होऊ दे.

लोकांना काय होईल ते बाईंना दिसत होतं. त्यांनी सांगून पाहिलं. मामा म्हणाले, लोक काही एवढे हे नसतात.

लोक तेवढे हे होते. इस्त्रीवाला येऊन कपाटं विकायची आहेत का, विचारून गेला. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी मामा गेले असं समजून हार पाठवला. मामांनी तो गाढवाला घातला. आणि गुरुवारी, दोघं आत चहा पीत असताना, पोस्टमन काचेवरची पाटी वाचून पार्सल घेऊन परत गेला. त्या पार्सलात ईस्टरच्या पुस्तिका होत्या. रविवारी विकायच्या होत्या त्या सगळ्या.

"कोणी नाही असं तुम्हीच लिहिलंय," पोस्टमन शनिवारी फोनवर म्हणाला. "मी सरकारी माणूस, मामा. लेखी असेल ते मानतो."

पार्सल पोस्टाच्या गावाबाहेरच्या गोदामात पडलं होतं. बाई म्हणाल्या, गाडी करा, नाहीतर मी येते. मामा ऐकतात थोडेच. भर दुपारी एकटे गेले आणि दोन गठ्ठे दोन हातांत घेऊन चालत आले. गठ्ठे दारात ठेवले. मग स्टुलावर बसले.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मामा बसलेले बाईंनी कधी पाहिले नव्हते. त्यांनी पाणी आणलं. मामांना पेला धरता येईना.

दवाखान्यात खिडकीजवळची खाट मिळाली. बाईंनी रात्री थांबायचं म्हटलं, तर मामांनी हात हलवून नको म्हटलं. मग सकाळी दुकान कोण उघडणार? बाई निघाल्या तशी त्यांनी परत बोलावलं.

"पाटी सरळ लावा," ते म्हणाले. "तुमची टाइप केलेली ओळ असते ना, तशी."

रविवारी ऊन काचेवर आलं तेव्हा बाईंनी पाटी लावली. दोनदा मागे जाऊन बघितली. उपासना सुटली आणि माणसं यायला लागली. आठवडाभर सगळ्या वस्तीला त्या रिकाम्या काचेने छळलं होतं, त्यात पोस्टमनने पार्सलाची आणि दवाखान्याची गोष्ट घरोघर वाटली होती. मामांना बरं आहे का, हे विचारायला लोक आले, आणि नुसतं विचारून जाणं बरं दिसत नाही म्हणून प्रत्येकाने एक पुस्तिका घेतली. मागे फोन दोनदा वाजला. आणखी कोणीतरी चौकशी करत असेल, म्हणून बाईंनी तो वाजू दिला. हात रिकामा कुठे होता? मान वर करून पाहिलं तर रांग फाटकाबाहेर गेली होती. त्या रांगेत सेक्रेटरी स्वतः उभे होते. त्यांचा नंबर आला तेव्हा ते म्हणाले, "खुर्च्यांचं आम्ही बघू कुठेतरी. मामांना सांगा."

बाईंनी दुकानाला कुलूप लावलं आणि जवळजवळ पळतच दवाखाना गाठला. वाटेत त्यांनी सांगायचं सगळं मनात टाइप करून ठेवलं: आधी फाटक, मग सेक्रेटरी, सगळ्यात शेवटी पाटी सरळ होती हे.

खिडकीजवळची खाट रिकामी होती. पायथ्याशी पांढरी चादर घडी घालून ठेवलेली. मामांना दुसरीकडे हलवलं असेल, असं बाईंना वाटलं. त्यांनी नर्सला विचारलं.

"तिथे आता कोणी नाही," नर्स म्हणाली. मग तिने बाईंकडे नीट पाहिलं. "तुम्ही नातेवाईक का?"

"दुकानातली," बाई म्हणाल्या.

मामा सकाळी गेले होते. दुकानाचा नंबर त्यांनीच दिलेला होता. नर्सने दोनदा फोन केला होता. कोणी उचलला नव्हता.

भिंतीकडच्या ओळीत मामांना जागा होती. त्यांनी ती आधीच बायकोच्या शेजारी धरून ठेवली होती. मातीला पुष्कळ लोक आले. लांबच्या एका भाच्याने त्या लोकांना आभाराची काळ्या किनारीची कार्डं पाठवायला बाईंना सांगितलं. बाईंनी कपाटं उघडूनही पाहिली नाहीत. गल्ल्याखालच्या खणातून पुडकं काढलं, चाळीस पत्ते टाइप केले आणि पिवळी कार्डं पाठवून दिली. ऑर्गनवाल्या बाई सोडल्या तर कोणी तक्रार केली नाही.

सेक्रेटरींनी शब्द पाळला. दुकान बाईंनी पुढे आठ महिने, नाताळाची रांग संपेपर्यंत चालवलं आणि मग किल्ली स्वतःच परत दिली. आता तिथे खुर्च्या ठेवतात.