वर्गणीची केस

वकिलाच्या ऑफिसात केस संपली की फाइल कपाटात जाते आणि कपाट भरलं की गोदामात. किस्से मात्र कुठेच जात नाहीत. ते पॅन्ट्रीतल्या चहाच्या मशीनभोवती घुटमळत राहतात. नवा माणूस कामाला लागला की पहिल्याच आठवड्यात त्याला सगळे ऐकवले जातात, आणि तोवर त्यात दोन नव्यांची भर पडलेली असते.

मी अजमानमध्ये एका वकिलाकडे केस कोऑर्डिनेटर आहे. नाशिकला एलएलबी केलं, पण आपली सनद इथे चालत नाही. कोर्टात उभे राहतात ते आमचे अमिराती वकील. इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना ‘उस्ताद’ म्हणतात. मी अशील आणि उस्ताद यांच्या मधला माणूस. अशील मराठीत रडतो, मी ते इंग्रजीत उस्तादांना सांगतो आणि उस्ताद ते अरबीत लिहितात. तिथपर्यंत पोचताना रडणं बरंच कमी झालेलं असतं.

*

आपल्या माणसाची पहिली निराशा कोर्टात होते. त्याला वाटतं, वकील टेबलावर हात आपटेल, बोट रोखेल, साक्षीदाराला घाम फोडेल. इथे बचाव असतो तो कागदावर. वकील लेखी म्हणणं न्यायाधीशांसमोर ठेवतो, एखादं वाक्य बोलतो आणि खाली बसतो.

अल ऐनचे एक प्राध्यापक होते. गाडीच्या अपघाताची केस. उस्ताद उठले, कागद दिले, “लेखी म्हणण्यावर आम्ही ठाम आहोत, निर्दोष सुटका मागतो,” इतकं बोलून बसले.

प्राध्यापक माझ्या कानाशी आले. “संपलं?”

“संपलं.”

“अहो, पण युक्तिवाद?”

“तो त्या कागदांत आहे, सर. न्यायाधीश वाचतील.”

प्राध्यापकांनी मागच्या बाकाकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. “ते ठीक आहे. पण उस्तादांना जरा ओरडायला सांगता येईल का? मिसेस मुद्दाम रजा काढून आल्यात!”

*

आता अंतोनकडे येतो. कारण आमच्या ऑफिसातले निम्मे किस्से त्याच्या एकट्याचे आहेत.

अंतोन वसईचा. अजमानच्या एका हॉटेलात बँक्वेट कॅप्टन. त्याच हॉटेलच्या लॉन्ड्रीत राजू नावाचा एक कामगार होता, दुबईतल्या मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात राहणारा. सुटीच्या दिवशी तो जिन्यावरून पडला आणि कंबर मोडून बसला. त्याला गावी न्यायचं तर विमानात स्ट्रेचर लागणार, आणि स्ट्रेचरसाठी कितीतरी सीटचं भाडं भरावं लागतं. मग अंतोनने तेच केलं, जे आपल्याकडे गल्लीत कोणावरही वेळ आली की कोणीही करतो. वर्गणी काढली! हॉटेलच्या स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला, “राजूला घरी पाठवायचंय, हातभार लावा.” खाली स्वतःचा खातेनंबर. मेसेज फिरत फिरत कुठल्या कुठे गेला. राजू गावी पोचला आणि अंतोनला पोलिसांचा फोन आला.

या देशात परवानगीशिवाय लोकांकडून देणग्या जमवणं हा फेडरल गुन्हा आहे. दंड होतो, तुरुंग होऊ शकतो, आणि वर डिपोर्टेशन. अंतोनची मुलगी रिया बारावीला होती. डिपोर्टेशन म्हणजे तिची बारावी अर्ध्यात आणि अंतोनची चोवीस वर्षांची नोकरी एका सुटकेसमध्ये.

अंतोनने मला फोन केला. “सर, पोलिसांनी बोलावलंय.”

“एकटे जाऊ नका. आधी उस्तादांशी बोलू.”

“अहो, मी जाऊन आलोसुद्धा! मोठ्या साहेबांकडेपण नेलं. चांगले लोक आहेत, सर. मी केक नेला होता.”

मोठे साहेब म्हणजे सरकारी वकील. त्यांच्यासमोरचा जबाब पुढे कोर्टात जातो. तो आमच्या हाती आला तेव्हा उस्तादांनी दोनदा वाचला. प्रश्न होता, “तू पैसे जमवलेस का?” उत्तर होतं, “हो साहेब. अजून हवे असतील तर लोक द्यायला तयार आहेत.” खाली अंतोनची ठसठशीत सही.

उस्तादांनी चष्मा काढला. “हबीबी,” ते मला म्हणाले, “सरकारी पक्षाला आता दुसऱ्या साक्षीदाराची गरज नाही.”

*

जामिनासाठी इथे ओळखीच्या माणसाचा पासपोर्ट ठेवून घेतात. अंतोनचा रूममेट होता एके काळी, मार्शल. त्याने एका मिनिटात पासपोर्ट काढून दिला. कसला विचार नाही, काही नाही. मला बरं वाटलं.

महिन्याभराने मार्शल ऑफिसात हजर.

“सर, बहिणीचं लग्न आहे. वसईला.”

“अरे वा! अभिनंदन.”

“तर पासपोर्ट आठवडाभरासाठी उसना मिळेल का? लग्न झालं की लगेच आणून ठेवतो. हवं तर तोपर्यंत अंतोनचा ठेवा.”

“अंतोनचा तिथेच आहे, मार्शल.”

“मग झालंच की! एक आहे ना त्यांच्याकडे!”

शेवटी दुसरा जामीनदार शोधला, अर्ज केला आणि मार्शल लग्नाला वेळेवर पोचला.

*

कोर्टात न्यायाधीश आधी एकच विचारतात : आरोप मान्य आहे का? त्यावर ‘नाही’ म्हणायचं. बाकीचं वकील बघतो. पण आपल्या माणसाला एका शब्दाचं उत्तर उद्धटपणाचं वाटतं. मोठ्या माणसाने विचारलंय तर नीट पहिल्यापासून सांगावं, हा संस्कार.

म्हणून ऑफिसात तालीम ठेवली. मी न्यायाधीश झालो. अंतोन फायलिंग कपाटासमोर उभा. शेजारी त्याची बायको ग्रेसी आणि शाळेच्या युनिफॉर्ममधली रिया.

“आरोप मान्य आहे का?”

“त्याचं काय झालं साहेब, राजू जिन्यावरून...”

“अंतोन. एकच शब्द.”

“हो, सॉरी. विचारा परत.”

“आरोप मान्य आहे का?”

“नाही. पण राजू...”

“पप्पा, जस्ट से नो!” रिया म्हणाली. “इट्स वन वर्ड. यू कॅन डू इट!”

“तू गप गो,” ग्रेसी म्हणाली. “भाऊ साहेबांसारखे बोलत नाहीत म्हणून यांना जमत नाही. भाऊ, तुम्ही जरा मोठ्या आवाजात विचारा.”

मी मोठ्या आवाजात विचारलं. बाहेरच्या खोलीतून आमचा ड्रायव्हर धावत आला. पण अंतोनला जमलं. सलग पाच वेळा ‘नाही’.

कोर्टात दुभाष्याने हिंदीत विचारलं, “इल्ज़ाम क़बूल है?”

“नाही साहेब!” अंतोन खणखणीत म्हणाला. उस्तादांनी मान हलवली. मी श्वास सोडला. आणि अंतोनला राहवलं नाही. “सब पैसा मैं राजू को पहुँचाया, एक फिल्स भी नहीं रखा!”

म्हणजे जमवले होते, हे पुन्हा एकदा, आणि या वेळी भर कोर्टात.

खालच्या कोर्टाचा निकाल : दंड आणि डिपोर्टेशन.

*

अपिलाची तयारी सुरू झाली. उस्तादांचा मुद्दा साधा होता. अंतोनने जाहीर आवाहन केलं नाही. एका हॉटेलातल्या सहकाऱ्यांनी आपल्याच सहकाऱ्याला केलेली ती मदत होती. मेसेज बाहेर फिरवला तो दुसऱ्यांनी. म्हणजे आता त्या ग्रुपने शांत बसावं, एवढीच आमची अपेक्षा.

तेवढ्यात मला कोणीतरी एका नव्या ग्रुपमध्ये ॲड केलं. वर अंतोनचा हसरा फोटो. पहिला मेसेज : “अंतोनभाई संकटात आहेत. वकिलाच्या फीसाठी प्रत्येकाने यथाशक्ती हातभार लावावा.”

मी ॲडमिनला फोन लावला. “हे काय चालवलंय? आत्ताच्या आत्ता ग्रुप बंद करा!”

“सर, घाबरू नका,” तो म्हणाला. “मागच्या वेळची चूक आम्ही सुधारलीय. या वेळी खातेनंबर अंतोनचा नाही टाकणार.”

“मग कोणाचा?”

“म्हणून तर तुम्हाला ॲड केलं.”

*

ग्रेसी दर मीटिंगला माझ्यासाठी डबा आणायची. कधी वसईचे तळलेले फुगे, कधी वांग्याचं भरीत, एकदा सुक्या बोंबलांची चटणी. देताना हमखास म्हणायची, “भाऊ, वहिनींनापण द्या हां.”

मी ‘हो’ म्हणायचो. माझी बायको जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. केसच्या गडबडीत हे मधेच कसं सांगायचं, आणि सांगून ग्रेसीने काय करायचं? मी डबा घरी न्यायचो, दोन वेळा जेवायचो आणि धुऊन परत आणायचो. “वहिनींना काय आवडलं?” असं तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, “भरीत.” ते खरंच आवडायचं तिला.

मग कोणीतरी ग्रेसीला सांगितलं असावं. पुढच्या मीटिंगला डबा आला तो लहान, एका माणसाचा. त्यात भरीत होतं. आम्ही अपिलाच्या तारखेविषयी बोललो.

*

निकाल आधी सांगून टाकतो, म्हणजे हा शेवटचा किस्सा नीट ऐकाल. अपिलात दंड कायम राहिला, डिपोर्टेशन रद्द झालं. रियाने बारावी इथेच दिली. पण निकालाआधी जी सुनावणी झाली, तिच्यासाठी हा सगळा प्रपंच.

शुक्रवार होता. शुक्रवारी इथे सरकारी कामकाज दुपारी आटोपतं. आमचा नंबर अगदी शेवटी लागला. समोर तीन न्यायाधीश. उस्तादांनी कागद दिले, आपलं एक वाक्य बोलून बसले. अंतोनने ‘नाही’ म्हटलं आणि त्यापुढे खरोखर काहीही म्हटलं नाही. मागच्या बाकावर ग्रेसीने रियाचा हात घट्ट धरला.

आता संपलं, असं वाटत असताना मधले न्यायाधीश कागदांवरून वर बघत काहीतरी बोलले. उस्तादांचं पेन थांबलं. दुभाषा अंतोनकडे वळला.

“कोर्ट पूछ रहा है, कल फिर कोई ऐसे गिर गया, तो तुम फिर यही करोगे?”

याची तालीम आम्ही केली नव्हती. ‘हो’ म्हटलं तर गेला. ‘नाही’ म्हटलं तर सुटला, इतकं सोपं होतं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, नाही म्हण, अंतोन! चोवीस वर्षांत जो माणूस एका जागी गप्प उभा राहिल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, तो गप्प उभा होता. दुभाष्याने प्रश्न पुन्हा विचारला.

“साहेब,” अंतोन शेवटी म्हणाला, “वो परमिशन किधर मिलता है?”

उस्तादांनी डोळे मिटून घेतले. दुभाष्याने ते अरबीत सांगितलं. तिन्ही न्यायाधीश एकमेकांत हलक्या आवाजात बोलले. मधले बराच वेळ काहीतरी सांगत राहिले, बोटाने खिडकीबाहेरची दिशासुद्धा दाखवली.

“कोर्ट कह रहा है,” दुभाषा म्हणाला, “अकेले आदमी को नहीं मिलता। जिस संस्था के पास लाइसेंस है, उसके पास जाने का। एक का दफ़्तर इधर पीछे वाली सड़क पर ही है।”

अंतोनने मान डोलावली. मग न राहवून विचारलं, “वो कितने बजे तक खुला रहता है?”

दुभाष्याने उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी डोळे उघडलेच नाहीत. मग त्याने तेही अरबीत सांगितलं. मधल्या न्यायाधीशांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि दोन शब्द बोलले.

“कोर्ट कह रहा है, आज तो बंद हो गया होगा।”