एका पायात चप्पल

चाची कधी दोन्ही चपला काढायची नाही. एक दाराबाहेर, एक पायात. चहा दिला तर उभ्यानंच प्यायची आणि म्हणायची, "बसायला येळ कुठंय, बाई!" पायाला भिंगरी लागलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हिची भिंगरी मात्र भूकंपानं लावलेली होती.

भूकंपानंतर लातूरकडच्या आमच्या गावाला पत्र्याच्या शेडांत हलवलं होतं. चाची शेजारच्या शेडात शाळेचे गणवेश शिवायची. मशीनही एका पायात चप्पल ठेवूनच चालवायची, त्यामुळं टीप हमखास वाकडी जायची. आमची पोरं चड्डीवरून ओळखू यायची.

पाण्याचा टँकर नेमका शाळेच्या घंटेला यायचा. पोरं वर्गात, पोरी रांगेत. मी सातवीत होते आणि माझी निम्मी शाळा टँकरपाशीच चालली होती. थोरल्या भावाला दहावीनंतर लातूरच्या क्लासला घालायचं ठरलं होतं. माझ्याबद्दल माझे वडील, अण्णा, एका रात्री म्हणाले, "सातवी लई झाली. पुढं घरचं पाणी बघ."

चाचीच्या आणि आमच्या शेडामधे नुसता पत्रा, तिला सगळं ऐकू गेलं. सकाळी चाची चप्पल फटफट वाजवत आली आणि तिनं भावाच्या खांद्यावरचं दप्तर ओढलं.

"डाक्टर होनार हाईस ना रं?"

"हाव, चाची."

"मग आधी बहिणीची घागर धर."

त्या दिवसापासून तिनं पोरांच्या पाळ्या लावल्या. रोज दोघांनी साऱ्या रांगेच्या घागरी भरायच्या, पोरींनी शाळेत जायचं. पाळी चुकवणाऱ्याची चड्डी उसवलेलीच राहायची. पोरं कुरकुरली, पण भरू लागली.

अण्णा मात्र भडकले. "आमच्या पोराला बायकांची कामं लावता व्हय?" म्हणत तिच्या दारात गेले. चाची उभीच होती.

"भाऊ, माझ्या लेकीला मी असंच घरी ठेवलं. काज-बटनं करायला. म्हटलं, पुढल्या साली शाळंत घालू. मी मशीनवर बसूनच राहिले, आन् भूकंपाची ती पहाट आली, लेकीला घेऊन गेली. आता निवांत बसवत न्हाई."

अण्णा तिच्या पायातल्या चपलेकडं बघत राहिले. घरी येऊन भावाला म्हणाले, "उद्या घागर नीट धर. सांडू नको." मी तोंडावर पांघरूण घेऊन खूप रडले. माझी आठवी ठरली होती.

भाऊ लातूरला क्लासला गेला, मागोमाग त्याची पुस्तकं घेऊन मी गेले. आता तिथंच एका क्लासमध्ये मी शिकवते. निकालाच्या फलकांवर पोरींचे फोटो झळकतात, आणि तरी दरवर्षी एखादा मुलगा सांगतोच की बहीण घरी असते. मग माझाही पाय वर्गात ठरत नाही.

चाची वारल्यावर गावी भेटायला गेले. आता तिथं पक्की घरं आहेत, नळ आहेत. तिच्या दारात दोन्ही चपला शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. मला ते बघवेना.

मी माझी एक चप्पल काढली, तेवढ्यात शाळेची घंटा झाली. समोरच्या नळावर एक मुलगी गणवेशात पाणी भरत होती आणि तिचा भाऊ दप्तर घेऊन निघाला होता. दुसरी चप्पल पायातच राहिली. तशीच मी त्याला हाक मारत धावले.